वाढत्या अंगाची गाडी

३ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा फोन आला. दुसरं बाळ महिनाभरात येईल. डॉक्टरीणबाईंनी तिला जिने चढायला-उतरायला आणि वजन उचलायला बंदी केली आहे. थोरली नात अडीच वर्षांची. जे दिसेल त्याला चिकटते म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. तिला रोज पाच वाजता पाळणाघरातून आणावं लागतं. जावयाची ड्युटी आठपर्यंत. मी ज्या कपड्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे तो पाळणाघरापासून दोन गल्ल्यांवर. तेव्हा बाबा, महिनाभर मुंगीला तुम्ही आणाल का, असं तिने विचारलं.

आणाल का म्हणजे काय! आणीन, पण नीट आणीन, असं मी सांगितलं. आधी उत्तम बाबागाडी घेतो, दोन्ही पोरांना पुरेल अशी, मग रोज आणतो. ती म्हणाली, बाबा, गाडीचं नंतर बघू हो. भिडस्त आहे पोर.

संकल्प: आठवड्याच्या आत गाडी. तोवर मुंगीला ही आणेल. हिला तेवढंच चालणं होईल.

५ ऑक्टोबर, गुरुवार

कारखान्यातून साडेचारला सुटून दुकानात गेलो. बाबागाड्यांचं एवढं मोठं दुकान असतं हे माहीत नव्हतं. विकणारी मुलगी हुशार. तिने विचारलं, सर, यूज काय आहे? मी म्हणालो, पाळणाघर ते घर. अंतर? अर्धा किलोमीटर. तिने एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी गाडी पुढे केली. अर्ध्या मिनिटात उघडली, अर्ध्या मिनिटात मिटली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

तिला समजावलं, पोरांचे कपडे अंगाच्या मापाने शिवत नाहीत, वाढत्या अंगाचे शिवतात. आमचं कुटुंब वाढतं आहे, गाडीही वाढत्या अंगाची हवी. ती ओके सर म्हणाली आणि मला थेट वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथल्या गाड्यांना सस्पेन्शन असतं. एकीच्या हँडलला चामडं होतं, आमच्या मालकांच्या खुर्चीला आहे त्याहून मऊ.

सात वाजले. ही मुंगीला आणून, लेकीकडे सोडून घरी आली होती. पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. चालण्याची सवय मोडली की असं होतं.

८ ऑक्टोबर, रविवार. सकाळी

प्रार्थनेला बसलो पण मन लागलं नाही. डोळे मिटले की निळी गाडी दिसते. लिहून टाकतो. ही वही कोणी वाचत नाही.

लेक दहा महिन्यांची असताना जुन्या मालकीणबाईंनी त्यांच्या घरातली बाबागाडी आम्हांला दिली होती. निळी, वर छप्पर असलेली. मी ती एकदाच ढकलली. आमच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत. तिथे आमचे कारागीर बसले होते. एकाने विचारलं, काय मास्तर, वहिनी कटिंगला लागल्या का? सगळे हसले. मी गाडी वळवून घरी आणली आणि हिला सांगितलं, चाक डुगडुगतंय, पोरगी पडेल. गाडी जिन्याखाली ठेवली, पुढे कोणाला तरी देऊन टाकली. नंतर दोन वर्षं हिने पोरीला कडेवर वागवलं. डाव्या.

हिची डावी बाजू दुखते. डॉक्टर म्हणतात वयोमानाने.

चाक चांगलं होतं.

म्हणून आता गाडी अशी हवी की कोणाची हसायची छाती होऊ नये. म्हणजे मला लोकांचं काही वाटत नाही. मुंगीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

११ ऑक्टोबर, बुधवार

दुसरं दुकान. सोबत कापडाचे दोन तागे नेले, एक मुंगीच्या वजनाचा, एक होणाऱ्या बाळाच्या. दोन्ही तागे सीटवर बसवून पट्टे लावले आणि दुकानभर फेऱ्या मारल्या. एक बाई आपल्या मुलाला जवळ ओढून उभी राहिली. शेजारी शेजारी दोन सीटची गाडी वळायला जड. पुढे एक, मागे एक अशी चांगली. मागच्या ताग्याला वारा लागतो का हेही पाहिलं. लागतो.

पावणेपाचला लेकीचा फोन. आज आईचा पाय जास्त दुखतोय, तुम्ही जाल का? मी म्हणालो, बाळा, अर्जंट ऑर्डर आहे, हात सुटत नाही. तेव्हा हात खरोखरच हँडलवर होते.

घरी येऊन देवाची क्षमा मागितली. लेकीची मागायची राहिली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

नुसतं भावनेच्या भरात काही घेऊ नये. लेकीच्या बिल्डिंगमध्ये जाऊन लिफ्टचं दार मोजून आलो. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. गळ्यात टेप असतेच. लावली, वहीत आकडा टिपला: सव्वीस. गाडीची रुंदी पंचवीस. एक इंच मोकळा. एकोणतीस वर्षांत माझ्या मापाला कापड कमी पडलेलं नाही. माप घेताना मी मार्जिनचा वेगळा विचारही करत नाही. शिवणीत जाणारं कापड हात आपोआप धरतो. याला म्हणतात सराव.

घाई होती म्हणून वर लेकीला भेटायला गेलो नाही. खालूनच हात केला. ती खिडकीत नव्हती.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर ज्या बाई बसतात त्यांना गाडीचं माहितीपुस्तक दाखवलं. त्या माझ्याहून चार वर्षं आधीपासून इथे आहेत आणि कोणाची भीड ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, मास्तर, बाबागाडी काय, ही तर आजोबागाडी दिसतेय. पेला ठेवायला जागा आहे, मोबाइल ठेवायला जागा आहे, पोरगं कुठे ठेवायचं तेवढं दाखवा. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा कमी.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस रोज पाचला आपल्या खिडकीखालून नातीला घेऊन जातात, आणि तुम्ही तेव्हा आत गाड्यांची चित्रं बघता, होय ना?

मी म्हणालो, काज नीट करा. सैल होतायत.

सैल होत नव्हते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

घेतली! पुढे-मागे दोन सीट, चारही चाकांना सस्पेन्शन, चामड्याचं हँडल, आत अस्तर. अस्तराची शिलाई स्वतः तपासली. एका ठिकाणी टाका सुटला होता, दाखवून दिला. किंमत इथे लिहीत नाही. ही वही कोणी वाचत नाही, तरीही.

रंग मात्र स्टॉकमध्ये नाही. काळी लगेच मिळत होती. मी निळी सांगितली. गुरुवारी येईल.

पाचच दिवसांचा प्रश्न. हिने इतके दिवस काढले, आणखी पाच काढेल. गावच्या शाळेतले आमचे गुरुजी म्हणायचे, सबब ही आळसाची सख्खी बहीण. पण त्यांना रंगाची अडचण माहीत नव्हती.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी

ही सहाला आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली. मुंगी येताना खांद्यावर झोपली म्हणे. झोपलेलं पोर दगडासारखं जड होतं. मी पाणी दिलं. गाडी कधी येतेय, असं हिने विचारलं. मी गुरुवार सांगून सस्पेन्शनचं वर्णन केलं. हिने सगळं ऐकून घेतलं. पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, अहो, चाक डुगडुगत नाही ना, तेवढं बघून घ्या.

सत्तावीस वर्षं झाली. हिला माहीत होतं?

विचारायचं धाडस झालं नाही. प्रार्थनेलाही आज पाठमोराच बसल्यासारखा बसलो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी २:३०

आज सोनियाचा दिवस. रजा टाकली. गाडी थेट लेकीच्या बिल्डिंगखाली मागवली आहे. ही सकाळपासून लेकीकडेच आहे. गाडी वर नेऊन दोघींसमोर उभी करायची, फार बोलायचं नाही, आणि पावणेपाचला ऐटीत पाळणाघराकडे निघायचं. संकल्प: आजपासून एकही दिवस चुकवणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७. हॉस्पिटलच्या बाकावर

क्रमाने लिहितो.

गाडी तीनला आली. देखणी. लिफ्टची जाळी उघडून आत ढकलली. पुढची चाकं गेली. मागची चाकं फाकलेली असतात, ती अडली. वाटलं, जोर कमी पडतोय. जोर लावला. गाडी अर्धी आत जाऊन जाळीत अशी रुतली की पुढेही जाईना, मागेही येईना. पंधरा मिनिटं खटपट केली. वॉचमन आले, त्यांनी पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, काका, मोजली नव्हती का?

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. सव्वीस! मग दाराला टेप लावली. तेवीस.

तीन इंच. दीड एका बाजूला, दीड दुसऱ्या बाजूला. मी दाराला मार्जिन धरलं होतं. लोखंडाच्या दाराला, शिवणीत जाणाऱ्या कापडाचं मार्जिन.

तेवढ्यात वरून हिचा आवाज आला. अहो, लिफ्ट सोडा, हिला कळा सुरू झाल्यात!

लिफ्ट कुठून सोडू?

जिने उतरायला बंदी असलेली माझी लेक तीन मजले उतरून आली. एक हात कठड्यावर, एक आईच्या खांद्यावर, प्रत्येक मजल्यावर पायरीवर टेकत. मी बॅग घ्यायला वर धावलो तर ही म्हणाली, तुम्ही खालीच थांबा, मध्ये येऊ नका. खाली आल्यावर लेकीने लिफ्टकडे पाहिलं. निळ्या गाडीचा मागचा अर्धा भाग बाहेर होता, पेला ठेवायच्या जागेसकट. मी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, बाबा, ती गाडी राहू द्या. पाच वाजता मुंगीला आणा. बास, एवढंच करा.

एवढंच तर ती तीन तारखेपासून सांगत होती.

त्या दोघी रिक्षाने गेल्या. वॉचमनने आणि मी मागची चाकं काढून गाडी बाहेर ओढली, पुन्हा चाकं बसवली. पाचला पाच कमी असताना पाळणाघर गाठलं. मुंगीने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या सीटवर डबा ठेवला, मागच्या सीटवर बूट ठेवले आणि माझ्यापुढे दोन्ही हात वर केले. मी म्हणालो, बाळा, आपण गाडीत बसू या ना? ती म्हणाली, गाडीत डबा बसलाय.

तिला कडेवर घेतलं. डाव्या. उजव्या हाताने रिकामी गाडी ढकलत हॉस्पिटलकडे निघालो. वाटेत ते कोपऱ्यावरचं चहाचं दुकान. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आत एक मुलगी खाली मान घालून बसली होती. तिने वर पाहिलंच नाही. ज्या हसण्याला मी सत्तावीस वर्षं भ्यालो, ते हसायला तिथे कोणी नव्हतं.

अर्ध्या किलोमीटरमध्ये कंबर मोडली. हिने हे दोन वर्षं केलं.

सहा दहाला नातू झाला. लेक सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिने उतरल्या तरी देवाच्या दयेने सगळं निभावलं. देवाचे आभार मानायला हात जोडले, पण वर बघवेना.

३० ऑक्टोबर, सोमवार

सलग चार दिवस. शुक्रवार, शनिवार, आज, आणि तो पहिला गुरुवार. रविवारी पाळणाघर बंद. मुंगी आता लांबूनच ओळखते आणि धावत येऊन पायाला चिकटते. रस्त्यात दोनदा थांबून श्वास घेतो. हिला म्हणालो, तुझी कंबर आता मला कळली. ही म्हणाली, कळली ना, मग तेल आणा.

गाडी कारखान्यात नेली. काज-बटणवाल्या बाई तिच्यातून तागे नेतात. पुढे एक, मागे एक. म्हणाल्या, मास्तर, खरंच प्रॅक्टिकल आहे हो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

लेक घरी आली. तिला गाडीबद्दल सॉरी म्हणालो. बाळाला झोप लागत होती म्हणून हळू म्हणालो. ऐकू आलं की नाही, माहीत नाही. ती म्हणाली, बाबा, एक काम कराल का? बाळाला छातीशी बांधायला एक साधी झोळी शिवून द्या. दोन मीटर मऊ कापड, चार शिवणी. म्हणजे माझे हात मोकळे राहतील.

चार शिवणी! अर्ध्या तासाचं काम. माझ्या हातचं. डोळे भरून आले. उद्याच देतो म्हणालो.

६ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ५

झोळीच्या कापडाचा विचार चालू आहे. सुती मऊ खरं, पण ताण बसला की सैल पडतं. लिनन टिकतं, पण बाळाच्या गालाला टोचेल. कारखान्यात सतरा प्रकार पाहिले. दोन बाजारात पाहिले. घाईत काहीतरी शिवून देणं बरोबर नाही. शिवाय बाळाची वाढ लक्षात घेऊन शिवायची तर तेवढं मार्जिन हवं. उद्या तिसरा बाजार.

या गडबडीत शुक्रवार चुकला. शनिवारीही जमलं नाही. आज निघणारच होतो, पण नमुने टेबलावर पसरलेले.

आत्ता खिडकीखालून ही गेली. मुंगी कडेवर होती. मुंगीने मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला.

हातात टेप होती.