पाणी निवळेपर्यंत

आये, काल ओहोटीला आगरदांड्याच्या अलीकडच्या तुझ्या खडपावर गेले होते. तू कालवं काढायचीस तिथेच तुझी नात डबक्यात पालथी पडून ऑक्टोपसचा फोटो काढत होती. फोटो जमला तर समुद्री जीवांची नोंद करणारी मंडळी तिला कामावर घेणार होती.

मी वाचनालयातलं पाण्याखालच्या फोटोंचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलंय. जनावराच्या जवळ जा, कारण पाणी रंग खातं. त्याच्या डोळ्याच्या पातळीला या. उजेड बाजूने टाका, समोरून टाकला तर गाळाचे कण चमकतात. आणि हलू नका. हे शेवटचं तू न वाचताच सांगायचीस, "हललीस की पानी आंधळं व्हतं."

"आई, पाय घालू नको हं, गाळ उठेल," असं बजावून लेकीने पाण्यात तोंड घातलं. तिची श्वास घ्यायची फुंकणी तेवढी वर. कपारीतून एक डोळा दिसत होता. ती टॉर्च बाजूला धरून निश्चल. मी मात्र तुझ्या खुणेच्या दगडाकडे बघतेय. तो बुडाला की मागे न बघता निघायचं, हा तुझा नियम. भरती लागली होती. हाक मारली, तिने नुसता पंजा दाखवला, थांब. ह्यांनीही होडीतून असाच हात दाखवला होता, ते परत आलेच नाहीत. ऑक्टोपसचा एक पाय बाहेर आला, मग दुसरा. मी डबक्यात उडी टाकून तिचा दंड ओढला. सगळं पाणी गढूळ.

"दगड बुडाला?" तिने धापा टाकत विचारलं.

"बुडाला."

"बरं झालं, तू होतीस." ती कॅमेरा पुसत पुढे चालू लागली. मागे तिने बघितलं नाही.

माझा भाऊ तापाने गेला त्या वर्षी तूही मला असंच ओढलं होतंस. टोपली अर्धीच भरली होती. "दगड गेला पान्याखाली! हाय तसं टाक नि चल!" मी तेव्हा मागे वळून बघितलं होतं, आये. दगड कोरडा होता. तुला कधी बोलले नाही, मनात मात्र धरून ठेवलं.

हा कागद त्या पुस्तकातच घालून ठेवते. लेक आज पुन्हा विचारत होती, दगड किती बुडाला होता. मी म्हटलं, पूर्ण. कालही तो कोरडाच होता.