बंदीआधीचा रविवार

प्रिय आयिते,

तुला जाऊन तीन आठवडे झाले, पण पावसानं अजून हात आखडता घेतलेला नाही. तू ज्या खड्ड्यात बॅगेसकट बसलास तो तसाच आहे. फक्त कुणीतरी त्यात केळीचा खुंट रोवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. लाकडं ओली आहेत. सकाळी भट्टी पेटवायला बसले की दुपारपर्यंत नुसता धूर. मासे राहतात बाजूला आणि मीच भाजून निघते. समुद्र खवळलेला आहे, होड्या अर्ध्या रिकाम्या परत येतात, आणि मंगळवार समुद्रदेवाचा, त्या दिवशी जाळं टाकायचं नाही हे आहेच. दुष्काळात तेरावा महिना. हे सगळं मुद्दाम लिहितेय असं नाही. जे लिहायचंय त्याचा धीर होईपर्यंत हात चालू ठेवतेय, एवढंच.

दहा दिवसांपूर्वी बंदी उठली. पुजाऱ्यांचा ढोल वाजला आणि तासाभरात आपली अख्खी बुकोम वस्ती बोंबलायला लागली. शेजारच्या आत्स्वेई मावशीनं रेडिओ इतका मोठा लावला की भिंतीवरचा आईचा फोटो वाकडा झाला. महिनाभर दाबून ठेवलेलं भांडण तिनं त्याच दिवशी काढलं, पाण्याच्या नळावरून. तुझ्या तिकडच्या बायकोनं, उर्सुलानं, मला फोनवर विचारलं होतं, “पण महिनाभर रडायचं नाही म्हणजे काय?” मी तिला म्हटलं, बाई, मका पेरला की देवांना महिनाभर शांतता लागते. ढोल नाही, टाळी नाही, मयत पुरायचं नाही, गळा काढायचा नाही. तिला वाटलं असणार, कसली ही दगडाची माणसं. तिचंही काय चुकलं? आपल्यालाही या वेळी तसंच वाटलं.

कारण आई ती. रडावं तर आपल्या आईनं, असं लोक म्हणायचे. कुणाच्याही मयताला तिला बोलावणं यायचं. मेलेल्या माणसाचे गुण ती अशा सुरात सांगायची की ज्यांनी त्याला जन्मभर शिव्या दिल्या तेही डोळे पुसायचे. लहानपणी तू विचारलं होतंस, “आई, तू त्या माणसाला ओळखतही नव्हतीस, मग रडलीस कशाला?” आणि ती म्हणाली होती, “अरे, वाटेला लागणाऱ्याला कुणीतरी आवाज द्यायला नको? नाहीतर त्याला कळणार कसं, की तो गेला?” अर्धं बुकोम तिनं असं आवाज देऊन पोचवलं. आणि ती गेली तेव्हा तिच्या अंगणात मक्याच्या केंकीवरची पानं सोलल्याचासुद्धा आवाज होऊ दिला नाही आम्ही.

तू आलास तेव्हा बंदी लागून आठवडा झाला होता. भिजून चिंब, एका हातात बॅग, एका हातात बूट. दारात उभं राहून तू इकडेतिकडे बघितलंस. मला कळलं, तू रडण्याची वाट बघतोयस. कुणीतरी उठून तुझ्या गळ्यात पडेल, आई गेली रे म्हणेल, मग तुलाही मोकळं होता येईल. आणि आम्ही सगळ्यांनी नुसतं मान हलवून स्टूल पुढे सरकवलं. मग ओकाय मामानं तुला अंगणात बसवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण बंदीत ओरडायचं नाही, म्हणून तो कानाशी लागून, शांतपणे, एकेक शब्द चावत बोलला. “फोन बंद? लेका, आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. पोराला कळल्याशिवाय आईवर गळा काढायचा नाही. तुझी बहीण रविवार दुपारपासून तुला हाका मारत बसली. आम्ही तिकडे टेशी गावी बारशाला गेलेलो, पावसाच्या पाण्यात अडकलेलो, ही इकडे एकटी. सोमवार उजाडला, बंदी लागली. अन् तू झोपलास? तुझ्यापायी माझी बहीण मुकी गेली.”

तू काही सबब काढली नाहीस. “मामा, रात्रपाळी करून आलो होतो. फोन बंद करून झोपलो. माझं चुकलं,” एवढंच म्हणालास. मी तिथेच होते. माझ्या हातात केंकीचं ताट होतं. मी ते तुझ्यापुढे ठेवलं आणि आत गेले.

नंतरचे दिवस तू कसे काढलेस ते मी पाहिलंय. घरात तुझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं आणि तू छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली भांडी ठेवत बसला होतास. एक भरलं की रिकामं करायचं, परत ठेवायचं. मी म्हणाले, “राहू दे रे, आम्हाला सवय आहे.” तू म्हणालास, “ताई, मला काहीतरी करू दे.” माझ्या तोंडाशी आलं होतं तेव्हा. पण मी गिळलं.

आता तू मामाला निरोप पाठवलायस, की जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, आईला शवागारातून आणून पुरायचं त्या दिवशी, तू येणार नाहीस, पेटीमागे मामाच्या मुलानं चालावं, तुझं तोंड दाखवायची लायकी नाही. मामानं निरोप ऐकला आणि म्हणाला, “निदान लाज तरी आहे.” त्याच रात्री मी हा कागद काढून ठेवला.

आयिते, मी दमलेय रे. पाच वर्षं. तिची उजवी बाजू गेल्यापासून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. मधल्या वेळात भट्टी. तू औषधं पाठवलीस, मोठी चाकाची खुर्ची पाठवलीस, दर रविवारी फोन केलास. लोक मला म्हणायचे, डेडेई, देव तुझं भलं करेल. मी म्हणायचे, देवाला सांगा, आधी मला एक दिवस झोपू दे. सगळे हसायचे. मी थट्टा करत नव्हते.

आता ऐक. त्या रविवारी दुपारी आई गेली तेव्हा मी तुला एकदाच फोन लावला. एकदाच. लागला नाही. मामालाही लावला नाही, आत्स्वेई मावशीच्या भिंतीवर थापही मारली नाही. मला माहीत होतं, एक हाक मारली की अंगण भरेल, खुर्च्या आणाव्या लागतील, पाणी तापवावं लागेल, रडावं लागेल. उद्यापासून बंदी आहे हेही माहीत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी म्हटलं, घटकाभर पडते, मग उठून सांगते. दाराला कडी घातली आणि तिच्या शेजारी आडवी झाले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वळवायचं नव्हतं. जाग आली तेव्हा सोमवार उजाडला होता. मंडळी टेशीहून परत आली, माझे सुजलेले डोळे पाहून शेजारून आलेली मावशी म्हणाली, “बिचारी, रात्रभर जागली गं पोर.” मामानं विचारलं, “आयितेला कळवलं?” मी म्हणाले, “काल दुपारपासून लावतेय.” बस, तिथून पुढे सगळं तुझ्या डोक्यावर गेलं आणि मी ते जाऊ दिलं. पुरायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सगळे जमतील तेव्हा मी मामासमोर उभी राहून हे सांगणार आहे, पण त्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं. तू ये. पेटीमागे तूच चालायचंस. तुझा फोन रात्रभर चालू असता तरी काही फरक पडला नसता, कारण तुला हाक मारायला कुणी जागंच नव्हतं.

तुझीच,
डेडेई