पहिलं जाळं टिकारामचं

मोहाडी, १० फेब्रुवारी २०२५

चि. खुशबूस टिकारामकाकाचे आशीर्वाद. वि. वि.

तू पायथनमध्ये करून दिलेली खिडकी आपल्या मच्छीमार संस्थेच्या कॉम्प्युटरवर झकास उघडते. गाडग्यातल्या चिठ्ठ्या बंद झाल्या. ‘सोडत काढा’ हे बटन दाबलं की बावीस सभासदांची नावं एकाखाली एक येतात. पहिलं नाव ज्याचं, त्याचं जाळं आठवडाभर तलावाच्या खोल पाण्यात. त्याखाली कोणी पाहत नाही.

पण बाई, तिन्ही रविवारी पहिलं नाव माझंच! सेक्रेटरी मी, बटन दाबणारा मी, पुतणी माझी. काल सगळ्यांसमोर खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तरी मीच. बाबुलालनं भर सभेत विचारलं की या बटनाले दुसऱ्याचं नाव काहून नाही येत. पंधरा वर्षांत माझ्याकडे असं बोट कोणी दाखवलं नव्हतं. फार लागलं. तुझी काकू कुंता म्हणते, पोरीनं लाडानं केलं असेल. केलंस का? फोनवरचं मला समजत नाही, लिहूनच कळव.

लोभ आहेच, उत्तराची घाई कर.
टिकाराम

नागपूर, १३ फेब्रुवारी

ती. काकांस खुशबूचा सा. नमस्कार. वि. वि.

लाडानं नाही काका, विसरून झालं. तपासताना दर वेळी नवा क्रम आला की मीच गोंधळायची. म्हणून एक ओळ लिहून क्रम बांधून ठेवला होता. खिडकी कितीदाही उघडा, पहिली सोडत तीच निघणार. ती ओळ काढायची राहिली. त्यात तुमचं नाव वर आलं, हा निव्वळ योगायोग. मला रडूच आलं.

ओळ काढलेला प्रोग्राम सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. हे पत्र सभेत वाचा, चूक माझीच म्हणा. काकूला नमस्कार.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.
खुशबू

मोहाडी, १७ फेब्रुवारी

चि. खुशबूस आशीर्वाद. वि. वि.

काल पत्र वाचलं, लोकांनी माना डोलावल्या. नवी खिडकी उघडली आणि बटन मुद्दाम बाबुलाललाच दाबायला लावलं. पहिलं नाव, टिकाराम.

बाबुलाल एवढंच बोलला की आता तं मीच दाबलं, बोलू कोणाले. मी पाळी सोडली आणि दुसऱ्या नावाच्या जिजाबाईला खोल पाणी दिलं.

घरी आल्यापासून डोकं चालत नाही. चुकीच्या तीन पाळ्या मी खुशाल घेतल्या, आणि खरी आली ती सोडून आलो. बरं केलं की वेडेपणा, तूच सांग.

लोभ ठेव.
तुझा काका