नाडीचं पाचवं मिनिट

३ जून
आले बाई एकदाची. निपाणीपासून अर्ध्या तासावर शाळा, पोरं गोड, आणि प्रयोगशाळा माझ्या एकटीची. शहापूरच्या विणकराची पोर तिची किल्ली कमरेला खोचून फिरते, हे आप्पांनी बघायला हवं होतं. चार वर्षं इथं विज्ञानाला कोणी नव्हतं. शिपाई मष्णूमामा म्हणाले, लई दिसांनी कुलूप निघालं बघा. नेमणूक अतिथी शिक्षिकेची, दहा महिन्यांची. गणितही मीच, दुपारच्या जेवणाची नोंदही मीच. असू दे. यंदा प्रत्येकजण स्वतःच्या हातानं प्रयोग करील, असा शब्द आज नववीला दिला.

१४ जून
कपाटात एकच प्रयोगवही, आधीच्या बाईंची. दरवर्षी मुलं तिच्यातली निरीक्षणं उतरवून घेतात, हेडमास्तर मारुतीराव लाल शेरा मारतात, तपासणी पार. मी तडकले. सर शांतपणे म्हणाले, बाई, साहित्य कुठाय, वेळ कुठाय. खरं आहे त्यांचं. पण म्हणून न उकळलेल्या पाण्याचं तापमान लिहायचं?

२४ जून
शुक्रवारी पाणी उकळलं. आपला भाग उंचावर, म्हणून मी सत्त्याण्णव अंश धरलं होतं. त्र्याण्णव आलं. वहीतही त्र्याण्णव. थर्मामीटर बिघडला असेल म्हणून पदरमोड करून बेळगावातून नवा आणला. आजही त्र्याण्णवच.

५ जुलै
दहा हरभरे भिजवले, मोड सातांना. वहीत सात. काचेखालची मेणबत्ती चौदा सेकंदांत विझली. वहीत चौदा. पूर्णिमा, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, सहज म्हणाली, बाई, वहीतलंच येतंय, म्हणून तर कोण करत न्हाय. भ्याले मी, कबूल करते.

९ जुलै
वहीतला शेवटचा प्रयोग आज वाचला. नाडीचे ठोके, बाईंनी स्वतःचेच मोजलेले. पहिलं मिनिट ७४. दुसरं ८८. तिसरं १०९. चौथं १३१. पाचव्या मिनिटासमोर शून्य. अक्षर बाईंचंच. मग ते लिहिलं कधी?

चार वर्षं मुलं ते शून्य उतरवतायत, खाली लाल शेरा. कुणी विचारलंसुद्धा नाही. मष्णूमामांना बाईंचं विचारलं. मान खाली घालून म्हणाले, तुमी बसलाय ह्याच खुर्चीत गेल्या.

१५ जुलै
उद्या तपासणी. साहेबांना नाडीचाच प्रयोग हवाय, मुलांनी करताना, फोटोसकट. दुसरा घेते म्हटलं, सर म्हणाले, याला साहित्य लागत नाही. रजा मागितली. बदली कोण, म्हणाले.
पूर्णिमानं नाव दिलंय. म्हणते, बाई, ते शून्य चुकलं असंल, मी बरोबर काढते. माझाच शब्द— स्वतःच्या हातानं—

१६ जुलै, प्रार्थनेआधी
आधी मी. माझं वेगळं आलं तर पोरं सुटली. नाही आलं तर प्रयोगच होणार नाही. खोलीत एकटीच आहे. डावं मनगट टेबलावर—

पहिलं मिनिट. ७४.

दुसरं. ८८. शांत बसलेय, तरी—

१०९. आप्पा—

१३१. दारात कोणीतरी— पूर्णिमा. कधीची उभी आहे— बोटं तिच्याच मनगटावर— ओठ मोजतायत. ओरडायचंय, आवाज फुटत— नको गं, पूर्णिमा, हात का