मामंजींच्या बिड्या

अहो,

टोपल्यात भाकरी झाकून ठेवलीय. वाळूजहून आलात की खाऊन लगेच दवाखान्यात या. उद्या मामंजींचं पोटाचं ऑपरेशन. नंतर न्यूमोनिया व्हायचा धोका किती, ते ठरवायला डॉक्टरांनी सकाळी विचारलं, "बिडी ओढता का?" मी शेजारीच उभी. सुनेपुढं कसं कबूल करणार? "कधीच नाय," म्हणाले. डॉक्टरांनी धोका कमी लिहिला, अन् माझीही जीभ रेटली नाय. नऊ वर्षं गच्चीवरची थोटकं मीच झाडते, अन् आता जिवावर बेतलं तरी अब्रू जपायची! लई झालं. मी डॉक्टरांना खरं सांगायला निघाले. मामंजींना मात्र म्हणा, "डॉक्टरांना मीच सांगितलं." सुनेला काहीच ठाऊक नाय.

अक्षदा