ताईसाठी कोरडं तिखट

३ ऑगस्ट
चुका असतीन तर माफ करजा, शाळा नववीतच सुटली. मोबाइलवर एका बोटानं टाइप करून राहिली, टाइम लागते. तोंडानं बोलाले जमत नाही म्हणून लिहिते.
टीव्हीवर आयर्लंड दाखवलं. आपल्या लोकांले रस्त्यावर मारून राहिले. ताई तिथंच नर्स आहे, डब्लिनले. आईनं चॅनल बदललं.

६ ऑगस्ट
ताईचा फोन. आईले म्हणे, "सगळं ठीक आहे वं." मग मले मेसेज. तिच्या रूममधल्या केरळच्या पोरीले बस स्टॉपवर पोरांनी ढकललं, अंगावर थुकले. 'आईले सांगू नको.'
नाही सांगितलं.

१० ऑगस्ट
ताईच्या वार्डात एक आयरिश म्हातारा आहे. त्यानं तिले सांगितलं, त्याच्या आजीच्या टाइमले कोणी जहाजानं अमेरिकेले निघालं का आदल्या रात्री घरात मयतीसारखं रडत. जाणारा तिथंच बसून राहे. परत कोणी येतच नव्हतं ना. तो स्वतः लंडनले गेला तर दारावर पाटी, आयरिश लोकांले खोली नाही.
ताई गेली तेव्हा आई अशीच रडली होती. मोठीमाय रागावली, "जित्या माणसावर असं रडत नाही वं."

१४ ऑगस्ट
म्हाताऱ्याचा नातू आला. ताईले म्हणे, माझ्या आजोबाले हात नको लावू. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला.

१७ ऑगस्ट
ताई म्हणे, तिखट पाठव. भिवापुरी मिरचीचं. एकदम बारीक.
आई खूश. "पोरीले घरचं आठवून राहिलं."
ताई तिखट खातच नाही. वरणातली मिरची बी काढून ठेवते. विचारणार होती, काहून. फोन ठेवला तिनं.
मागून मेसेज: 'डबी लहान पाहिजे. कोटाच्या खिशात मावंल अशी.'

२० ऑगस्ट
महाल मोहल्ल्यात मी कामाले जाते त्याच चक्कीवर दळलं. शिंकून शिंकून डोळे लाल. आई म्हणे, "तेलाचा हात लाव, वर्षभर टिकते."
नाही लावला. तेल लावलं का तिखट उडत नाही.

२३ ऑगस्ट
ताईची मैत्रीण उद्या चालली, तिच्याजवळ देणार. आईनं डबी फडक्यात बांधाच्या आधी तिखट चिमटीत घेऊन पाहिलं.
"कोरडंच ठेवलं का वं?"
मी खाली पाहिलं. आई लय वेळ चिमूट चोळत राहिली. मग गाठ मारली, अजून एक मारली.

३१ ऑगस्ट
परवा मेसेज होता, 'भेटलं. खिशात आहे.' आज ड्यूटी सुटल्यावर फोन करणार होती. नाही आला. आईनं फोन मांडीवर घेतला आहे, टीव्ही लावू देत नाही. मी लावला तर म्हणे, "रिंग आयकू येत नाही."
बाजूच्या राणीचं लग्न जमलं. पोरगा इथंच, कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या धंद्यात आहे.