खोळीतला लॅपटॉप

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लॅपटॉपला मापात खोळ शिवायची, आतून मऊ अस्तर लावायचं, वर दोन बटणं लावायची आणि मग तो कपाटात ठेवून द्यायचा, असं माणूस का करत असेल? बाबांनी फोनवर सांगितल्यापासून मी यावर विचार करते आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला मिरवता, पण याचं उत्तर मला येत नाही.

तो मी शोभेसाठी पाठवला नव्हता गं. आमच्या रुग्णालयाने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना विकायला काढले तेव्हा सगळ्यांसारखी चिठ्ठी टाकून मी एक घेतला, तो एवढ्याचसाठी, की समोरचं माणूस बोलेल ते तुला पडद्यावर अक्षरांत वाचता यावं. कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले. फोनवर आपल्याला बोलता येत नाही म्हणून पत्रं लिहितो, आणि पत्रं मला आवडतातच. पण कपडे शिवायला येणारी गिऱ्हाइकं तुला पत्रं लिहिणार आहेत का? आणि शिवणकेंद्रातल्या बाई तू कटिंगचा वर्ग घ्यावास म्हणून थांबल्या आहेत, त्यांना काय कळवलंस?

रागावले नाहीये. नुसती कोड्यात पडले आहे. माझी माया तुला ठाऊक आहे, तेव्हा खरं काय ते लिही.

तुझी,
भिंगरी


दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खोळीची एवढी चौकशी होणार हे माहीत असतं तर कडेने पायपिंगसुद्धा लावलं असतं.

लॅपटॉप छान आहे. उघडतो, मिटतो, उजेड पडतो. त्यात काही खोट नाही. खोट असलीच तर चालवणाऱ्या बाईत आहे. तू इतक्या हौसेने पाठवलास, तो माझ्या हातून बिघडू नये म्हणून जपून ठेवला, एवढंच.

माझं पाटीवर भागतं. गिऱ्हाइकापुढे पाटी आणि खडू ठेवते. काही जणी लिहितात. काही नुसत्या हसतात आणि निघून जातात. त्या हसल्या की मीही हसते. कशाला हसलो ते दोघींनाही माहीत नसतं. तुझे बाबा माझ्याशी बोलतात ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, एक मला सोडून.

वर्गाचं म्हणशील तर शिकवायला मला फार आवडलं असतं. पण मुली प्रश्न विचारणार. एक मागून विचारणार, एक खिडकीतून. पाटी घेऊन मी किती जणींपुढे धावू? पंधरा मार्चपर्यंत कळवा म्हणाल्यात. नाही म्हणून कळवीन, पण गोड शब्दांत.

तू वेळेवर जेवत जा. तुझ्या फोटोवरून वाटतं तुझे कपडे सैल झालेत. बाहीचं नवं माप पाठव.

आहे तशी आत्या गोड मानून घे.

तुझी,
आत्या


दि. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गोड शब्दांतलं नाही अजून पाठवू नकोस. पंधरा मार्चला अवकाश आहे.

आधी मी सांगते तसं कर. खोळीची बटणं सोड. हसू नकोस, पहिली पायरी तीच आहे. लॅपटॉप सुरू झाला की खाली कोपऱ्यात दातेरी चाकासारखं चित्र दिसेल, ते दाब. त्यातून सेटिंग्ज उघडतील. मायक्रोफोन असं लिहिलेलं शोध. त्यापुढे छोटी पट्टी आहे, पट्टीच्या डाव्या टोकाला ठिपका आहे. तो उजवीकडे सरकव. म्हणजे लॅपटॉपचे कान उघडतील. मग बाबांना समोर बसव आणि काहीतरी बोलायला सांग, पण ओरडू नका म्हणावं, त्याला ऐकू येतं.

जिथे अडेल तिथे थांब आणि पडद्यावर जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं उतरवून पाठव. तुला ते महत्त्वाचं वाटो न वाटो. लहानपणी माझं माप घेताना तू म्हणायचीस, श्वास रोखू नकोस, आहेस तशी उभी राहा. आता मी तुला तेच सांगते.

बाहीचं माप पत्रामागे लिहिलं आहे. मी जेवते. उत्तराची वाट बघते, आणि तुझ्या अक्षराचीही.

तुझी,
भिंगरी


दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बटणं सोडली. चाक सापडलं. मायक्रोफोनही सापडला. पण तो ठिपका करड्या रंगाचा आहे आणि सुई गाठीत अडकावी तसा जागचा हलत नाही. वर बारीक अक्षरांत लिहिलंय ते उतरवते, शाईने, पूर्णविरामासकट:

‘या लॅपटॉपची व्यवस्था संस्थेकडे आहे. हा बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही.’

आता तू खोदून विचारतेस म्हणून लिहिते. हे वाक्य मला नवीन नाही. लॅपटॉप आला त्याच दिवशी सोबतच्या तुझ्या चिठ्ठीत सांगितलेलं सगळं मी करून बघितलं होतं. हे आलं. मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे. कारखान्यात ज्या दारांवर पाट्या असायच्या त्या दारांतून आम्ही जात नसू. पाटीला कारण विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. मला वाटलं, शिकलेल्या माणसांची वस्तू आहे, तिला कळलं असेल समोर कोण बसलंय ते.

म्हणून खोळ शिवली. वाईट नाही ना झाली? अस्तर तुझ्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचं आहे.

तुझे बाबा हे वाचून तडक लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघालेत, मीही बरोबर जाते. तिकडचं तेच लिहितील. माझ्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
आत्या


दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा लिहितोय म्हणजे काय ते समज.

आत्या बरोबर आली होती. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पार पुसला आणि सगळं नव्याने घातलं. मायक्रोफोनचा ठिपका सरकला. आत्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग त्याने इंटरनेट जोडलं आणि मिनिटाभरात तेच वाक्य परत आलं, ठिपका पुन्हा करडा. तो म्हणाला, हा कुठल्यातरी संस्थेला बांधलेला आहे, कितीही वेळा पुसला तरी नेट मिळालं की मालकाला विचारून येणार. आणि मग दुकानभर माणसं उभी असताना त्याने मला विचारलं की चोरीचा तर नाही ना.

मी बस चालवतो. सीटखाली राहिलेली छत्रीसुद्धा डेपोत जमा करतो. मला काय वाटलं असेल ते तू ठरव. आत्याला शब्द ऐकू आला नाही, पण ती लोकांचे चेहरे बघून सगळं समजली. वाटेत माझ्याकडे बघत नव्हती.

संस्था म्हणजे तुमचंच रुग्णालय ना? मग सोडव.

बाबा


दि. २७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात घेऊन कामावर आल्या आल्या आमच्या संगणक विभागाची यादी उघडली. रुग्णालयाचा प्रत्येक लॅपटॉप तिच्यात असतो आणि त्याच्या सेटिंग्ज इथून बांधलेल्या असतात. वॉर्डात डॉक्टर आणि रुग्ण बोलतात ते कुठे साठू नये म्हणून मायक्रोफोन बंद. ते कुलूप वाईट नव्हतं. लॅपटॉप विकताना माहिती पुसली, पण यादीतून मोकळं करायचं राहून गेलं. आत्याचा लॅपटॉप आमच्या लेखी अजून तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात आहे.

बाबा, तो मोकळा करायचा अधिकार दोघींनाच आहे, आमच्या मॅडमना आणि मला. मॅडम रजेवर आहेत. यादीत त्या लॅपटॉपसमोर एक बटण आहे आणि माझं बोट त्यावर गेलं होतं. मी दाबलं नाही. स्वतः विकत घेतलेली वस्तू स्वतः मोकळी करायची नाही, दुसऱ्याने करायची, असा आमच्याकडे नियम आहे. तुम्ही चिडणार. थोडं ऐकून घ्या.

मी बटण दाबलं असतं तर आपलं काम झालं असतं आणि पुढे कुणाला काही कळलंच नसतं. हे मनात आलं आणि मी उठले. त्या विक्रीत वॉर्डातल्या मावशींनी लॅपटॉप घेतला होता, रुग्णवाहिकेच्या चालकांनी घेतला होता, स्वयंपाकघरातल्या बाईंनीही. सगळ्यांना भेटून आले. सगळ्यांचे तसेच बांधलेले आहेत. एकानेही तक्रार केलेली नाही. मावशी म्हणाल्या, आपल्यालाच येत नाही तर सांगणार काय. चालककाका म्हणाले, मुलगा शिकला की तो बघेल. स्वयंपाकघरातल्या बाईंनी तर लॅपटॉपवर टेबलक्लॉथ घातला आहे.

ज्यांचं यात काही चुकलेलं नाही ती सगळी माणसं स्वतःलाच अडाणी ठरवून बसली आहेत, आणि त्यांत आत्या आहे. आपला एकच चोरपावलांनी मोकळा केला तर हे मॅडमपुढे मांडायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? मॅडम सोमवारी येतील. तोवर मला बोलणी खाऊ द्या.

आत्याला हे पत्र वाचायला द्या. तिला एवढं तरी कळू दे, की चूक आमची होती.

तुमचीच,
भिंगरी


दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा दोन दिवस घुम्यासारखे आहेत. मला फरक पडत नाही, मला ते तसेही ऐकू येत नाहीत. पण तुझं पत्र त्यांनी डेपोत नेऊन दोन चालकांना आणि एका कंडक्टरला वाचून दाखवलं असं पोस्टातल्या बाईंनी पाटीवर लिहिलं. म्हणजे राग कितपत खरा आहे ते तूच ठरव.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. चूक आमची होती, या ओळीवर दर वेळी थांबले. तुझी नव्हे, तुमच्या त्या यादीची, हे मला समजतं. पण समोरून असं लिहून आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. टेबलक्लॉथवालीला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, आमच्याकडे खोळ आहे, बटणांची.

तू बटण दाबलं नाहीस ते बरं केलंस की नाही ते मला ठरवता येत नाही. मला वाईट वाटलं, थोडं. मग दुकानातल्या लोकांचे चेहरे आठवले. तसं तुझ्याकडे कुणी बघायला नको.

आता माझी बातमी. काल नवी पाटी विकत घेतली, मोठी, आणि शिवणकेंद्रात गेले. गोड शब्द काही तयार नव्हते, म्हणून पाटीवर सरळ लिहिलं, वर्ग घेते, ऐकू येत नाही, मुलींना समोर येऊन विचारायला सांगा. बाईंनी पाटी वाचली. मग त्यांनी खडू घेतला आणि खाली लिहिलं, सोमवारपासून या.

लॅपटॉप सुटला तर सोन्याहून पिवळं. नाही सुटला तर पाटी आहे. मला आता घाई नाही, पण तुला आहे हे मी ओळखून आहे.

अशीच भिरभिरत राहा, फक्त जेवून.

तुझी,
आत्या


दि. १० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी विभागात होते. पाटीचा भाग वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून चौकशी झाली. काल तुझा पहिला वर्ग झाला असेल. काय कापलंत, कोण काय म्हणालं, सगळं लिही.

मॅडम गेल्या सोमवारी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझं बोट बटणावर गेलं होतं तेही. त्या फार बोलत नाहीत. त्यांनी यादी बघितली, तुझा लॅपटॉप स्वतः मोकळा केला आणि उरलेले मला करायला सांगितले. आता नेट जोडून एकदा बंद करून सुरू कर. ठिपका सरकेल. यापुढे यादीतून नाव निघाल्याशिवाय एकही लॅपटॉप विकायचा नाही असं त्यांनी लेखी काढलं. वॉर्डातल्या मावशींना सांगायला गेले तर त्या आधी घाबरल्या, त्यांना वाटलं परत मागायला आले.

मग मी त्या वाक्याचा विषय काढला. परवानगी नाही, त्या. मॅडम म्हणाल्या, ते कुणी लिहिलेलं नाही, व्यवस्थेबरोबर तयारच आलं, आणि कोण वाचतं ते. मी तुझं एकवीस तारखेचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. शाईने उतरवलेली ती ओळ त्यांनी वाचली. खालची कारखान्यातल्या दारांची गोष्टही वाचली. खोळीपर्यंत वाचत गेल्या. पत्र घडी करून परत देताना त्यांनी मला सांगितलं, मग आता तू लिही.

पहिल्यांदा माझ्या चार ओळी झाल्या. मॅडमनी विचारलं, पदवीचे सगळे पेपर यातच लिहायचे आहेत का. पुसून पुसून लहान केलं. आज सकाळी ते आमच्या सगळ्या लॅपटॉपवर गेलं, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक वॉर्डात. जुनं वाक्य आता कुठेच नाही.

तुझ्या लॅपटॉपवर मात्र नवं वाक्य तुला कधीच दिसणार नाही, कारण तो आता कुणाला बांधलेला नाही. तुझी माया अशीच राहू दे, बाबांची बोलणीही. बाबांना समोर बसवून हळू बोलायला सांग. आणि हे वाक्य तुझ्याकडे असावं म्हणून उतरवून पाठवते, शाईने, पूर्णविरामासकट:

‘ही सोय आम्ही इथून बंद ठेवली आहे. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हवी असेल तर आम्हाला विचारा.’

तुझी,
भिंगरी